इंजेक्शन घेतलं तरी डोळ्याच्या पडद्याला पाणी परत का येतं?

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. आई ६२ वर्षांची, मधुमेह १७ वर्षांपासून. गेल्या दिवाळीत तांदूळ निवडताना आईला खडे दिसेनात. तपासणीत कळलं की उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आहे. ओसीटीच्या (पडद्याची जाडी मोजणाऱ्या स्कॅनच्या) कागदावर ४८० मायक्रॉन आणि तक्त्यावर ६/२४ अशी नजर. डोळ्यात दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं झाली, सूज ३१० वर आली, आई पोथी वाचू लागली. मग घरातलं लग्न, पाठोपाठ परीक्षा, आणि अडीच महिने जाणं झालंच नाही. आता सूज पुन्हा ४५०. डॉक्टर म्हणतात, पुन्हा सुरू करू, शिवाय डाव्या डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या उगवायला लागल्यात. धाकट्या भावाचे तीन आक्षेप आहेत. हे कॅन्सरचं औषध आहे. आईला त्याची सवय लावून ठेवली आहे. आणि शरीर स्वतःहून नव्या रक्तवाहिन्या तयार करत असेल तर त्या अडवायच्या कशाला? त्यापेक्षा मामा सांगतात तो 'रक्तवाहिन्या मोकळ्या करणारा' काढा द्यावा. ताई विचारतात, "भाऊ म्हणतो ते अगदीच चूक वाटत नाही. पैसेही संपत आलेत. थांबावं का?"

ताई, नमस्कार.

तुमच्या भावाशी वाद घालू नका, असं आधी सांगते. तिसरा आक्षेप घेणारा माणूस विचार करणारा आहे. तीस वर्षं डोळ्यांची डॉक्टर म्हणून तालुक्याच्या गावी बसले. 'सुई टोचल्याने डोळा फुटेल का' हे शेकडो लोकांनी विचारलं, पण 'शरीराचं काम तुम्ही का अडवता' हे फार थोड्यांनी. हा प्रश्न खरंच मोठमोठ्या लोकांना पडला होता आणि त्याचं उत्तर शोधताना त्यांचे हात पोळलेही आहेत. म्हणून आधी तिकडे वळू. पैशाचं आणि काढ्याचं नंतर.

डोळ्याचा पडदा वजनाने नगण्य, पण प्राणवायूच्या बाबतीत शरीरातल्या सगळ्यांत खादाड ऊतींपैकी एक. मधुमेहात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की तिथल्या केसाहून बारीक नळ्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या आधारपेशी मरतात, काही नळ्या बंदच पडतात. मग पडद्याचा तेवढा तुकडा प्राणवायूसाठी तहानतो. तहानलेली पेशी गप्प बसत नाही. एरवी प्राणवायू पुरेसा असताना पेशीतलं एक प्रथिन तयार होताच मोडून टाकलं जातं. प्राणवायू कमी पडला की ते मोडलं जात नाही, साठतं आणि जनुकांची काही बटणं दाबतं. (ही यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१९चं नोबेल मिळालं.) त्यातल्या एका बटणाने पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन बाहेर सोडते. ते आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जाऊन बसतं. त्याचा अर्थ एवढाच: इकडे या, इथे पाणी नाही.

म्हणजे हा टाहो आहे. शत्रू नव्हे. तुमच्या भावाचं इथवर बरोबर आहे.

घोळ पुढे होतो, आणि तो समजायला या प्रथिनाचा इतिहास थोडा बघावा लागतो. १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने म्हटलं होतं की प्राणवायू न मिळालेला पडदा असं काहीतरी सोडत असावा ज्याने नव्या वाहिन्या उगवतात. ते 'काहीतरी' सापडायला पुढे कित्येक दशकं गेली. १९८३ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड सेंगर आणि हॅरोल्ड ड्वोरॅक यांना गिनीपिगच्या गाठींमुळे पोटात साठलेल्या पाण्यात एक प्रथिन मिळालं. त्याने रक्तवाहिन्या भयंकर पाझरायच्या, म्हणून नावही 'पाझर वाढवणारा घटक' अशाच अर्थाचं ठेवलं. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी वेगळ्याच ठिकाणाहून, गाईगुरांच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीच्या पेशींपासून, रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन वेगळं केलं. दोन्ही तपासली तर प्रथिन एकच! पाझर आणि वाढ ही एकाच रेणूची कामं निघाली. १९९४ मध्ये मधुमेहाने नव्या वाहिन्या उगवलेल्या डोळ्यांच्या आतल्या पाण्यात हेच प्रथिन मुबलक सापडलं आणि मायकेलसनचा अंदाज खरा ठरला.

आता तुमच्या आईचे दोन डोळे एकमेकांशेजारी ठेवून बघा. उजव्यात पाझर, डाव्यात नवी वाढ. दोन वेगळे आजार झालेत असं तुम्हाला वाटलं, पत्रात तसं लिहिलंही आहे. हाक एकच आहे, दोन डोळ्यांत तिचे परिणाम दोन.

पण नव्या वाहिन्या आल्या तर पडद्याची तहान भागायला हवी ना? भागत नाही, कारण हाक फार मोठ्याने आणि एकट्यानेच दिलेली असते. तुमच्या भागात कालवे पाहिले असतील. नुसता चर खणला आणि पाणी सोडलं तर काय होतं? शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतच नाही, मध्येच जमिनी चिबडतात. कालव्याला अस्तरीकरण लागतं. रक्तवाहिनीचंही तसंच आहे. व्हीईजीएफ चर खणून घेतं, आधीच्या वाहिन्यांचेही सांधे सैल करतं. मग आधारपेशींना बोलावून वाहिनी पक्की करायचं काम दुसऱ्या प्रथिनांचं. त्यातलं अँजिओपोएटिन-१ हे सांधे घट्ट ठेवतं. त्याचंच भावंड अँजिओपोएटिन-२ उलट वागतं, पक्की वाहिनी पुन्हा ढिली करतं, आणि मधुमेही डोळ्यात नेमकं तेच वाढलेलं असतं. म्हणजे खणणारे हजर, अस्तर घालणारे गायब, आणि असलेलं अस्तर उचकटणारा एक जण वर! अशा वाहिन्या पडद्याच्या पृष्ठभागावर वेड्यावाकड्या पसरतात, जरा ताण पडला की फुटतात, डोळ्यात रक्त येतं, पुढे पडदा ओढलाही जातो.

'शरीराला मदत करू या' हा भावाचा विचार डॉक्टरांनी हृदयावर करून पाहिला आहे, तोही नीट. हृदयाच्या वाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना हेच प्रथिन बाहेरून दिलं की नव्या वाहिन्या येतील अशी आशा होती. २००३ मध्ये त्या चाचणीचे निकाल आले. दोन महिन्यांनी पाहिलं तर खरं औषध मिळालेले आणि नुसतं पाणी मिळालेले रुग्ण जवळपास सारखेच होते. वाहिनी उभारायला प्रथिनं योग्य क्रमाने, योग्य मापात, योग्य जागी लागतात. एकाचाच मारा करून कालवा होत नाही. मामांच्या काढ्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे: आईच्या वाहिन्या तुंबल्यात एवढीच अडचण नाही, उघड्या आहेत त्या गळतात. 'मोकळ्या करणं' हे गळणाऱ्या नळाचं उत्तर होत नाही. शिवाय त्यात काय घातलंय ते माहीत नसेल तर १७ वर्षांच्या मधुमेहातल्या मूत्रपिंडांना ते झेपेल का, याचीही खात्री नाही. मामांना तसं प्रेमाने सांगा.

उलट, हे प्रथिन कायमचं नाहीसं करणंही परवडणारं नाही. उंदराच्या गर्भात त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी काढली तरी गर्भ जगत नाही, हे १९९६ मध्ये दिसलं. मोठ्या माणसात मूत्रपिंडाची चाळणी शाबूत राहायला ते लागतं, जखम भरायला लागतं. गरोदरपणातही हेच. वारेतून या प्रथिनाला बांधून टाकणारं दुसरं एक प्रथिन फार सुटलं, तर त्या गरोदर बाईचा रक्तदाब चढतो आणि लघवीतून प्रथिनं जायला लागतात. बोस्टनमधल्या अनंत करुमांची यांच्या गटाने ते २००३ मध्ये दाखवलं. जास्तही नको, कमीही नको असं हे प्रकरण आहे. म्हणूनच औषध शिरेतून न देता थेट डोळ्यात, थेंबभर देतात.

यातूनच कॅन्सरचा आक्षेप सुटतो. या इंजेक्शनांतलं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, हे खरं. पण ते पेशी मारणारं विष नाही. ते व्हीईजीएफला पकडून ठेवतं, बस. गाठीलाही वाढायला रक्त लागतं, म्हणून तिथे वापरलं. कॅन्सरसाठी ६० किलोच्या माणसाला एका वेळी ३०० मिलिग्रॅमच्या आसपास देतात, डोळ्यात जातं सव्वा मिलिग्रॅम. भावाला हा भागाकार करून दाखवा. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही औषधंही हेच प्रथिन पकडतात. नवं फॅरिसिमॅब दोन हातांचं आहे: एका हाताने व्हीईजीएफ धरतं, दुसऱ्याने ते अँजिओपोएटिन-२. तुमच्या डॉक्टरांनी ज्या 'नव्या महागड्या' इंजेक्शनाचं नाव काढलं ते बहुधा हेच असावं. विचारून घ्या.

'सवय' हा शब्द मात्र मला खटकला. तहान लागलेल्या माणसाला पाण्याची सवय लागली असं आपण म्हणतो का? इंजेक्शनातलं औषध डोळ्यातलं प्रथिन बांधून ठेवतं, महिनाभर, कधी थोडं अधिक. मग औषध संपतं. पडदा मात्र तहानलेलाच असतो, रोज नवं प्रथिन सोडतो. सूज परत आली ती औषधाने शरीर बिघडवलं म्हणून नाही. पाझर थांबवणारं कुणी उरलं नाही म्हणून आली. पहिली तीन इंजेक्शनं वाया गेली असंही समजू नका. आईचा पडदा औषधाला चांगला प्रतिसाद देतो, हे ४८० वरून ३१० ने दाखवून दिलं आहे. सगळ्यांचा देत नाही.

मग जन्मभर? हा तुमचा खरा प्रश्न आहे ना, पत्रात लिहायचा धीर झाला नाही तरी? मधुमेहाच्या सुजेवर अमेरिकेत पाच वर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात रॅनिबिझुमॅब घेणाऱ्यांना पहिल्या वर्षी साधारण आठ-नऊ इंजेक्शनं लागली, दुसऱ्या वर्षी दोन-तीन, तिसऱ्या वर्षी एक-दोन. पाचव्या वर्षी निम्म्याहून जास्त लोकांना एकही लागलं नाही. खर्च आणि फेऱ्या पहिल्या वर्षात गोळा झालेल्या असतात. तिथेच बहुतेक घरं दमतात आणि सोडतात, तुमच्यासारखीच. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी 'तीन इंजेक्शनं' म्हणण्याऐवजी 'पहिलं वर्ष' म्हटलं असतं तर लग्नाच्या आधी एक तारीख तुम्ही काढलीच असती. हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे, मीही तो केला आहे.

आता पैसे. महाग तेच चांगलं असं सरसकट नाही. २०१५ मध्ये बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट या तिन्ही औषधांची तुलना झाली. ज्यांची नजर थोडीच उतरली होती त्यांना तिन्ही सारखी. ज्यांची ६/१५ किंवा त्याहून कमी होती त्यांना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस. आई ६/२४ वर, म्हणजे दुसऱ्या गटात. पण घाबरू नका, २०२२ मध्ये अशाच कमी नजरेच्या लोकांवर आणखी एक अभ्यास आला. स्वस्त बेव्हॅसिझुमॅबने सुरुवात करायची आणि ठरावीक सुधारणा झाली नाही तरच अफ्लिबरसेप्टवर जायचं. दोन वर्षांनी नजर जवळपास तेवढीच सुधारली. दहापैकी सात जणांना पुढे औषध बदलावं लागलं हेही खरं, पण तिघांचे पैसे वाचले आणि सरासरीत नजरेचं नुकसान झालं नाही. बेव्हॅसिझुमॅबची एक कुपी अनेकांत वाटतात, म्हणून ती कुठे आणि कशी निर्जंतुक भरली जाते हे निःसंकोच विचारा. रॅनिबिझुमॅबची भारतात बनणारी स्वस्त आवृत्तीही २०१५ पासून मिळते. डोळ्यात सोडायची स्टिरॉइडची बारीक कांडी हा आणखी एक मार्ग आहे. तिचा परिणाम तीन-चार महिने राहतो, म्हणजे फेऱ्या कमी. पण मोतीबिंदू लवकर येतो आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालं असेल तर हा पर्याय जास्त विचारात घेण्यासारखा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटून इंजेक्शनाच्या दरात काय होतं ते विचारा. उत्पन्नाचा दाखला सोबत न्या, नाहीतर ती फेरी फुकट जाते.

डाव्या डोळ्याचं वेगळं सांगते, कारण तिथे मला जास्त काळजी वाटते. नव्या वाहिन्यांवर इंजेक्शनंही चालतात आणि लेझरही. लेझरने पडद्याचा कडेचा काही भाग जाळतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण तेवढ्या भागाची प्राणवायूची मागणी कायमची कमी होते आणि टाहोच मंदावतो. इंजेक्शन टाहो दाबतं, लेझर तहान कमी करतं. लेझरने कडेची नजर आणि अंधारातलं दिसणं थोडं कमी होऊ शकतं, इंजेक्शनाने तसं नाही. मात्र फक्त इंजेक्शनांवर असलेला रुग्ण मध्येच सहा-आठ महिने गायब झाला, तर त्याचं लेझर झालेल्यापेक्षा जास्त नुकसान होतं. तुमच्या घरातली सुगी, लग्नं, परीक्षा, बस या सगळ्याचा प्रामाणिक हिशेब डॉक्टरांपुढे मांडा. 'आम्ही दर महिन्याला येऊच' असं ओशाळून कबूल करू नका. 'येणं चुकेल' असं स्पष्ट सांगितलंत तर डाव्या डोळ्यासाठी डॉक्टर लेझरकडे झुकतील, आणि तुमच्या परिस्थितीत मीही तेच केलं असतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की इन्सुलिन सुरू केल्यावर चार महिन्यांत आईच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी) आकडा ११.८ वरून ७.१ वर आला, आणि डोळा त्याच सुमारास बिघडला. तुम्हाला तो योगायोग वाटला. साखर फार वेगाने उतरली तर पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो, हे माहीत असलेलं आहे. म्हणून इन्सुलिन बंद करू नका. पुढच्या वर्षांत आईचा पडदा आटोक्यातली साखरच वाचवणार आहे. फक्त दोन्ही डॉक्टरांना ही तारीखवार नोंद दाखवा. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी चालू आहे का ते पाहा, तिने काहींची पडद्याची सूज वाढते. फेनोफायब्रेट ही चरबीची जुनी गोळी काही मधुमेहींमध्ये पडद्याचा बिघाड मंदावते. मूत्रपिंडं ठीक असतील तर आईला चालेल का, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा. मागच्या काही महिन्यांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आला असेल तर ते इंजेक्शनाआधी सांगायलाच हवं.

सुईची भीती असेल तर: बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, बधिर करून, क्षणभराचं काम. जंतुसंसर्ग साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्यात होतो. पण झाला तर तासांचा खेळ असतो. पहिल्या आठवड्यात डोळा ठणकला, लालबुंद झाला किंवा नजर एकदम उतरली, तर त्याच रात्री निघायचं. 'उद्या बघू' नाही. डोळ्यापुढे एखादा गोल बुडबुडा तरंगला तर तो एक-दोन दिवसांत जातो.

पुढच्या तारखेला भावाला सोबत न्या आणि डॉक्टरांना सांगून ओसीटीच्या संगणकासमोर बसवा, ४८०, ३१० आणि ४५० ची तिन्ही चित्रं एकापुढे एक लावून. मधल्या चित्रात पडद्याच्या मधोमध एरवी असतो तो खड्डा पुन्हा खड्ड्यासारखा दिसतो, शेवटच्यात टेकाड. आणि घरी, दर रविवारी, शाळेतला चौकटीचा कागद दारामागे चिकटवून आईला चष्मा घालून एकेक डोळा झाकून बघायला सांगा. रेघा सरळ आहेत की कुठे वाकल्यात, मधली चौकट पुसट आहे का, ते शेजारच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या घरात लिहा. उजवा-डावा वेगवेगळा. रेघ वाकली की पुढची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही, फोन करायचा.